पानं खुडायचा दिवस

पौर्णिमेच्या सकाळी कालव्याकाठची सगळी गल्ली झाडांवर चढली होती. घरटी एक शिडी, घरटी एक टोपली आणि घरटी किमान एक भांडण. तेत, म्हणजे नवं वर्ष, पंधरवड्यावर आलं होतं. दारचं माय-फुलांचं झाड आज पानं खुडून उघडंबोडकं केलं, की ते घाबरून कळ्या फुगवतं आणि बरोबर वर्षाच्या पहिल्या सकाळी पिवळंधमक फुलतं. निदान झाडाकडून अपेक्षा तशी असते.

एकट्या खामच्या दारचं झाड तेवढं अंगभर पानं लेवून उभं होतं, आणि खाम त्याच्याखाली खुर्ची टाकून आभाळ बघत बसला होता.

"अहो, शिडी काढू का?" त्याची बायको थोआ ओसरीवरून म्हणाली.

"थांब जरा. उत्तरेचा वारा अजून आलेला नाही."

"वाऱ्याला निमंत्रण धाडायचं राहिलं वाटतं."

"चेष्टा नको. कळ्या बघ, आत्ताच मिऱ्याएवढ्या झाल्यात. हवा अशी उबदार. आज पानं काढली तर तेतच्या आधीच सगळं उधळून मोकळं होईल. चतुर बघ किती खाली उडतायत. आणि कालव्याचं पाणी अजून गढूळच."

"लग्नाची तारीख विसरता," थोआ म्हणाली, "पण कुठल्या वर्षी मुंग्या कुठल्या भिंतीवर चढल्या ते बरोबर लक्षात राहतं."

खाम जन्मभर फेरीबोटीवर तिकिटं फाडत आला होता. मग नदीवर पूल झाला, बोट बंद पडली, आणि फाडायला काही उरलं नाही. तेव्हापासून तो ऋतूंवर लक्ष ठेवू लागला. नजर तीच जुनी: कोण वेळेवर येतंय, कोण उशिरा, आणि कोण तिकिटाविना आत घुसतंय. भरतीचं पाणी चढू लागलं की बांबूच्या बेटातून भारद्वाज हुंकार भरायचा, तेव्हा खाम मान डोलवायचा. जणू त्यानंच सोडलं होतं पाणी.

पण यंदा प्रकरण गमतीचं राहिलं नव्हतं. झाड त्याच्या आईनं लावलेलं. जाताना ती एवढंच म्हणाली होती, "जिथं ते तेतला फुलेल, तिथं ते राहू दे." गेली दोन वर्षं ते चुकलं होतं. एकदा इतकं आधी फुललं की तेतच्या सकाळी अंगणात फक्त केर होता. पुढच्या खेपेला पाहुणे जेवून गेल्यावर फुललं, बहुधा खरकटी भांडी बघायला. तेव्हा खामची धाकटी बहीण उत, जी सा देक गावी रोपवाटिकांच्या गल्लीत राहते, सरळ म्हणाली होती, "दादा, तिसऱ्यांदा चुकलं तर बोट घेऊन येईन आणि झाड मुळासकट नेईन. माझ्या अंगणात ते शिस्तीत फुलेल."

"ने!" खाम म्हणाला होता. म्हणाला तोही कुठे, तर आईच्या तसबिरीसमोर, उदबत्ती जळत असताना. असा शब्द परत घेता येत नाही.

म्हणून तो थांबला. गल्लीतली सगळी झाडं बोडकी झाली, पानांच्या राशी जाळून झाल्या, धुराला खोकून झालं. "खामभाऊ, तुमच्याकडे उन्हाळा आहे का अजून?" येणारे-जाणारे विचारायचे. मधल्या काळात खामनं झाडाला इतक्या प्रदक्षिणा घातल्या की अंगणात पायवाट पडली. आणि एका पहाटे तो उठला, अंगणात गेला, एक कळी दोन बोटांत धरली, कालव्याकडे बघितलं, आणि ओरडला, "आज!"

थोआ चुलीपुढून फुंकणीसकट धावत आली. दोघांनी मिळून दुपारपर्यंत झाड सोललं. खाम शिडीवर, थोआ खाली. त्याच्या हातून सुटलेली पानं तिच्या केसांत. "वरची राहिली!" "कुठं?" "तुमच्या नाकासमोर!" सगळं झाल्यावर खाम मागे सरकून बघत राहिला. नुसत्या काटक्या, आणि प्रत्येक काटकीवर टपोरी कळी.

दुसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा आला.

असा आला, की थोआनं पेटीतून स्वेटर काढला आणि कोंबड्या एकमेकींच्या पोटाखाली शिरल्या. गारठ्यात कळी झोपते हे डेल्टातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. चूलदेव स्वर्गात जातो त्या दिवशी, म्हणजे तेतच्या आठवडाभर आधी, गल्लीतल्या सगळ्या कळ्यांची हिरवी टरफलं तडकली. म्हणजे त्या वेळेवर होत्या. खामच्या कळ्या मूठ आवळून गप्प.

"चुकलो," खाम पायरीवर बसत म्हणाला.

थोआ आत गेली आणि किटली घेऊन आली. "कोमट आहे. मुळाशी घाला, बुंध्यावर नको. आणि असं चेहरा पाडून घालू नका, झाडाला समजतं."

मग सुरू झाली धांदल. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी. वाऱ्याच्या अंगाला पोत्यांचा पडदा. शेजारच्या थुआनकाकांनी कुंपणावरून बघत विचारलं, "कॉफी नाही का देत त्याला?" खामनं खरंच क्षणभर विचार केला. रोज उठल्याउठल्या तो कळ्यांपाशी जायचा, आणि थोआ, जिला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्याच्या आधीच तिथं उभी असायची.

आणि वारा पडला! जसा आला तसा गेला. ऊन निघालं, चतुर पुन्हा उडू लागले, पपनसाच्या फुलांचा वास आला, आणि भाजी निवडता निवडता थोआ किंचाळली. खामला वाटलं साप. टरफल तडकलं होतं! एकाचं. मग तिसऱ्या फांदीवर आणखी. संध्याकाळपर्यंत झाडाखाली हिरव्या टरफलांचा सडा. आता वेळेचा प्रश्न होता. वर्षाच्या शेवटच्या दुपारी कळ्यांच्या टोकांतून पिवळा रंग डोकावू लागला. पण डोकावणं वेगळं आणि फुलणं वेगळं.

त्याच दुपारी उतची बोट धक्क्याला लागली. बोटीत कुदळ, पोती, सुंभ, आणि दादासाठी नारळपाण्यात शिजवलेलं डुकराचं मटण. भांडण असलं तरी सण तो सण.

ती उतरली, झाडाला एक फेरी मारली, कळ्या दाबून बघितल्या.

"काय म्हणतेस?" खामनं विचारलं.

"परीक्षक आधी निकाल सांगत नसतो."

"ये, हातपाय धू. अंथरूण घातलंय," थोआ म्हणाली.

"नाही वहिनी. परीक्षकानं परीक्षा देणाऱ्याच्या घरी झोपू नये. मी बोटीतच झोपते. शिवाय रात्री कोणी किटली घेऊन बाहेर पडलं तर मला दिसायला हवं." तिनं खामकडे रोखून बघितलं. "उद्या पहिला पाहुणा घरात पाऊल टाकेपर्यंतची मुदत. तोवर एक तरी फूल पूर्ण उमललं पाहिजे."

पहिला पाहुणा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. नव्या वर्षात बाहेरून घरात पहिलं पाऊल ज्याचं पडेल, तसं घराचं वर्ष जातं. म्हणून माणूस आधीच ठरवून ठेवतात: जन्मवर्ष जुळणारा, पोटानं सुखी, नावानं शुभ. थोआनं थुआनकाकांना ठरवलं होतं. नावाचा अर्थच मुळी 'सुरळीत'. खामचं आणि उतचं, दोघांचंही जन्मवर्ष यंदाच्या वर्षाशी उभा दावा मांडून होतं. म्हणजे खाम एकदा का उंबऱ्याबाहेर गेला, की थुआनकाका येऊन जाईपर्यंत त्याला परत आत येता येणार नव्हतं.

पहिल्या सकाळी तर तो उंबऱ्यावर, आतल्या बाजूला, मान लांब करून उभा. घराकडच्या सगळ्या फांद्या दिसत होत्या. कळ्या बंद. कालव्याकडची फांदी मात्र पाण्यावर वाकलेली, बुंध्याआड. ऊन कालव्यापलीकडून येतं, म्हणजे उमलेल तर ती फांदी आधी उमलेल. आणि तिच्या बरोबर खाली, बोटीत, चादर गुंडाळून, उत.

"उत! काय दिसतंय?"

"पाणी."

"फांदीवर काय दिसतंय?"

"फांदी."

"खोटं बोललीस तर आई बघतेय!"

"आई बघतेय तर तिलाच विचार की!"

थोआनं मागून त्याचा सदरा धरून ठेवला होता. ऊन चढलं. पलीकडच्या केळींच्या पानांवरून ते पाण्यावर उतरलं, पाण्यावरून उसळून फांदीच्या पोटाला लागलं. बोटीतून आवाज येईना. खामला नुसती उतच्या टोपीची कड दिसत होती. टोपी आधी खाली होती. मग वर झाली. मग आणखी वर.

"टोपी हलली," खाम कुजबुजला.

"टोपी कुणाचीही हलते," थोआ म्हणाली. पण सदऱ्यावरची पकड घट्ट झाली.

तिकडे थुआनकाकांच्या घराचं दार वाजलं. नवे कपडे, नवं हसू, मुदत चालत यायला निघाली होती. उतला एवढंच करायचं होतं, की गप्प राहायचं. आणखी थोडाच वेळ. बोटीत कुदळ तयार होती, सा देकच्या अंगणात खड्डासुद्धा खणून ठेवला होता.

"दादा!"

असली हाक खामनं त्यांच्या लहानपणानंतर ऐकली नव्हती.

"दादा, सुटली! पाकळी सुटली! अरे, दुसरी पण! धाव ना, ठोंब्या, बघतोस काय!"

सदरा थोआच्या हातात राहिला. खाम उघड्या अंगानं उंबरा ओलांडून, अंगण ओलांडून, थेट बोटीत. बोट डुचमळली, उत त्याच्या गळ्यात पडली, दोघंही बुडता बुडता वाचले आणि मान वर करून बघत राहिले. पिवळी, पातळ, चुरगाळलेल्या रेशमासारखी पाकळी स्वतःच्या घड्या स्वतःच उकलत होती. दुसरी. तिसरी. मधले केसर ताठ झाले. फूल पूर्ण उघडलं, आणि शेजारच्या कळीनं अंग सैल केलं.

"तिकडे, तिकडे बघ!"

"ती नाही, वरची!"

"वरचीला वेळ आहे, तू इकडे बघ!"

बरंच झाल्यावर उतला भान आलं. ती थंडपणे म्हणाली, "मी का ओरडले?"

"मला काय ठाऊक."

"गप्प बसायला हवं होतं."

"लहानपणी तरी कधी बसलीस?"

तिनं त्याच्या दंडावर एक गुद्दा मारला. झाड राहिलं, हे दोघांपैकी कुणी बोलून दाखवलं नाही. बोलायला उसंतच नव्हती. चौथं फूल उमलत होतं.

"आता ऐका!" थोआ उंबऱ्यावरून ओरडली. "तुम्ही दोघंही आत पाऊल टाकायचं नाही! थुआनकाका येईपर्यंत बाहेरच!"

"ते काय, निघालेतच की," खाम म्हणाला.

थुआनकाका निघाले होते खरे. पण खामच्या फाटकाशी पोचता पोचता त्यांनी आरडाओरडा ऐकला, आणि उलटे वळले. त्यांच्या झाडाची टरफलं कधीच तडकली होती, पण फूल अजून एकही उमललं नव्हतं, आणि दुसऱ्याचं झाड फुललेलं बघून आधी आपलं बघून येऊ असं त्यांना वाटलं. ते आता आपल्या झाडाखाली हात मागे बांधून उभे होते. हलायचं नाव नाही.

"काका, या ना! मांसाचा वास येतोय, मला भूक लागलीय!" उतनं हाक मारली.

"येतो, येतो! एवढी एक उमलू दे!"

थोआनं खिडकीतून केळीच्या पानात बांधलेला भाताचा लांबट गोळा बाहेर दिला, आणि खामचा सदराही. बहीणभाऊ धक्क्यावर बसून खाऊ लागले.

"पुढच्या वर्षी पानं कधी खुडायची ते मी सांगणार," उत तोंडात घास ठेवून म्हणाली. "तू वारा ओळखत नाहीस."

"मी? मी वारा..."

"श्श! ती बघ, ती बघ!"

आणि दोघांच्याही माना, घास तसाच हातात, वर वळल्या.