मान वळवणारी मूर्ती

इंग्लंडात वॉटफर्डमधल्या एका शाळेचा हॉल रविवारी दुपारी बॅडमिंटनला मिळायचा. त्या फेब्रुवारीत बॅडमिंटन बंद पडलं आणि सन्मुखबाबा सुरू झाले. पडदे ओढलेले, उदबत्त्यांचा धूर, आणि पार रीडिंग गावाहून गाड्या काढून आलेली मंडळी रांगेत. स्टेजवर काळ्या कापडाच्या कोनाड्यात बाबांच्या गुरूंचा पांढराशुभ्र चेहरा. उजेड फक्त त्याच्या खाली ठेवलेल्या समयांचा. समोर जाड दोरी, तिच्यापुढे कुणी जायचं नाही.

"डावा डोळा प्रपंच बघतो, उजवा परमार्थ," बाबा माइकवरून सांगत होते. "डावा झाका आणि चालू लागा. माउली कुणाकडे बघते ते तुम्हीच बघा."

लोक डावा डोळा झाकून दोरीच्या कडेने चालत आणि चेहरा त्यांच्या मागोमाग वळे. कुणी रडत होतं, कुणी गाल बडवून घेत होतं. शहरातल्या बँकेत जोखमीची गणितं मांडणारा एक तरुण सुटाबुटासकट जमिनीवर आडवा झाला होता.

अर्चना सासऱ्यांना घेऊन आली होती. ती दातांची डॉक्टर, असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरीही तो चेहरा हळूच तिच्याकडे वळला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला, आणि त्याचाच तिला राग आला.

बाबांनी सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "माउली वळताना दिसली ना? मग दृष्टी शुद्ध झाली तुमची. ते औषधाचे थेंब आता बंद करा."

अप्पांना काचबिंदू होता. त्या दिवसापासून त्यांनी थेंबांची बाटली फ्रिजमागे ढकलून दिली.

"अप्पा, काचबिंदूत समोरचं बरेच दिवस नीट दिसत राहतं," अर्चना म्हणाली. "नजर कडेकडेने जाते. कळतं तोवर उशीर झालेला असतो."

"मूर्ती वळली की नाही? तुलाही दिसलं ना?"

"दिसलं."

"मग झालं तर."

सतीशने, तिच्या नवऱ्याने, "अगं, दुखतंय का त्यांना काही? राहू दे," म्हणून अंग काढून घेतलं.

मूर्ती का वळते ते तिला कळलं तिच्या दातांच्या दवाखान्यात. एका पेशंटच्या दातांचं माप घेऊन तिने साचा टेबलावर ठेवला. साच्यात दात असतात ते खड्डे होऊन. पण टेबलाचा दिवा खाली झुकल्याने उजेड खालच्या अंगाने येत होता, आणि लांबून बघताना तिला ते खड्डे चक्क वर आलेले दात दिसले. तिने एक डोळा मिटला, मान डावीकडे नेली. दात तिच्याबरोबर वळले. पेशंटला चूळ भरायला सांगून ती क्षणभर आपल्या खुर्चीतच बसली आणि स्वतःशीच हसली.

घरी येऊन ती म्हणाली, "अप्पा, तुमच्या चेहऱ्याचं माप घेऊ द्या. नंतर थेंबांचं नावसुद्धा काढणार नाही."

अप्पांना सौदा पटला. नाकपुड्या मोकळ्या ठेवून तिने दातांच्या मापाचं गुलाबी मिश्रण त्यांच्या तोंडावर थापलं. वरून प्लॅस्टरच्या पट्ट्या. ते वाळून साचा उतरला, तसा तिने तो भिंतीला टेकवून उभा केला, आतली बाजू बाहेर. खाली टॉर्च लावला, किचनचा दिवा मालवला.

"डावा डोळा झाका. आता चाला."

अप्पा फ्रिजपासून सिंकपर्यंत गेले. परत आले. त्यांचाच चेहरा त्यांच्याकडे टक लावून मान वळवत होता.

"हा तर मी."

"तुम्हीच. म्हणजे आता तुम्हीही माउली. हात लावून बघा."

अप्पांनी नाकाचा शेंडा धरायला बोट पुढे केलं. बोट आत, आणखी आत गेलं. टेबलाशी बसलेली नात ईशिता म्हणाली, "आजोबा, तुमचं नाक उलटं आहे." अप्पा इतके हसले की त्यांना खुर्ची ओढून बसावं लागलं.

पुढच्या रविवारी अर्चनाने काही बोलायची गरजच पडली नाही. दोरीपाशी पोचल्यावर अप्पांनी दोन्ही डोळे उघडे ठेवले, दोरी उचलली आणि स्टेजवर चढले.

"कमलाकरजी, भस्म व्हाल," बाबा माइकवरून अप्पांना म्हणाले.

अप्पांनी गुरूंच्या चेहऱ्यावर हात ठेवला. मनगटापर्यंत हात आत गेला. अर्चनाने हॉलचे सगळे दिवे लावले. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात तो होता एक उलटा साचा, आतून पोकळ, टरबुजाच्या सालीसारखा.

"हे बघा," अप्पा म्हणाले, "उजेड वरून येतो अशी आपल्या डोळ्यांना सवय. इथे तो खालून, म्हणून खड्डा उंचवटा वाटतो. दोन डोळ्यांनी जवळून बघितलं तर खोली कळते, म्हणून एक डोळा बंद आणि मध्ये दोरी. आणि चेहरा आत दबलेला असेल हे मेंदू मानतच नाही. आपण चालतो तेव्हा खड्ड्यातल्या गोष्टी उलट्या सरकतात, मेंदू म्हणतो, चेहराच वळला. बरोबर ना गं?"

"अगदी," अर्चना खालून म्हणाली.

"तुमच्यात श्रद्धा नाही," बाबांनी शेवटचा प्रयत्न केला.

"श्रद्धा भरपूर होती हो," अप्पा म्हणाले. "म्हणून तर औषध बंद केलं."

मग तो बँकेतला तरुण स्टेजवर चढला आणि त्याने साच्यात हात घातला. त्याच्यामागे एक आजी, तिच्यामागे आणखी दोघं. दर्शनाची रांग पुन्हा लागली, फक्त आता ती दोरीच्या अलीकडची नव्हती. बाबा मागच्या दाराने गाडीकडे गेले ते कुणी पाहिलंही नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी झाली. कडेची थोडी नजर गेली होती, ती परत येणार नव्हती. उरलेली टिकवता येईल, असं डॉक्टर म्हणाल्या. अप्पांनी मान डोलावली. तिथेच वेटिंग रूममध्ये शेजारच्या बाईंना ते सांगत होते, "डोळे खोटं बोलत नाहीत हो, त्यांचा अंदाज चुकतो. अंदाज कुणाचाही चुकेल. चुकल्यावर जवळ जाऊन तपासायचं असतं, एवढंच. आणि जो तपासू देत नाही, त्याच्या सांगण्यावरून औषध कधी सोडू नका."