तुमचं नाव तुम्हाला परत

माझं नाव कुणी चोरेल ही भीती मला कधी वाटली नाही. ते चोरीला जाऊन चौतीस वर्षं झाली, आणि चोर आठवड्यातून दोनदा फोन करून माझ्या गुडघ्यांची चौकशी करते.

सुनेला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या ऑफिसातल्या एका बाईच्या नावावर कुणीतरी परस्पर तीन फोन घेतले, तेव्हापासून तिने डोक्यात घेतलं होतं की घरात प्रत्येकाचा ओळखचोरीचा विमा हवा.

"तुझ्या सासऱ्यांचा काढ," मी म्हटलं. "घर त्यांचं, खातं त्यांचं. माझं नाव चोरून चोराला काय मिळणार? शिलाई मशीन?"

"आई, नावाला किंमत असते."

हे ती मला शिकवत होती! मी शाळेच्या गणवेशांना काजं करत होते, तशीच करत राहिले. तिने विम्याचं माहितीपत्रक छापून माझ्यापुढे ठेवलं. वर मोठ्या अक्षरांत होतं, 'तुमचं नाव तुम्हाला परत मिळवून देणं ही आमची जबाबदारी.' ती ओळ मी दोनदा वाचली आणि एक काज वाकडं झालं.

रक्त तपासणीच्या कोर्सची परीक्षा आम्ही दोघी बहिणींनी एकाच वर्षी दिली होती. मी पहिल्या झटक्यात पास झाले, धाकटीचे दोन पेपर राहिले. दूरच्या गावातल्या इस्पितळातून नोकरीचं पत्र आलं ते माझ्या नावाने, आणि तोवर माझं लग्न ठरलं होतं. बाबांनी कपाटातून माझं प्रमाणपत्र काढलं आणि धाकटीच्या बॅगेत कपड्यांखाली ठेवलं. "तुझं काय, तू सासरी जाणार. तुला या कागदाचं काय करायचंय? हिचं तरी मार्गी लागू दे." आई मूग गिळून बसली. मीही बसले, आणि आजही मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

चेहरामोहरा आमचा सारखाच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. धाकटीने माझ्या नावाने एकतीस वर्षं नोकरी केली आणि आता माझ्याच नावाने पेन्शन खाते. काम चोख करायची, एवढं म्हणायलाच हवं. मी मात्र तेव्हापासून कुठलाही अर्ज भरताना शिक्षणाचा रकाना कोरा सोडत आले.

दोन दिवस ती जबाबदारीची ओळ डोक्यातून जाईना. विमा काढला की कंपनी खोलात शिरणार, खोलात शिरली की धाकटीची पेन्शन अडचणीत येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. दिसूनही तिसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेला म्हटलं, "काढ माझा विमा." खोटं कशाला बोलू, धाकटीच्या पोटात एकदा तरी गोळा यावा असं मला वाटत होतं.

सून लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. लग्नाआधीचं नाव, जन्मतारीख, सगळं भरत गेली. "शिक्षण... काही नाही टाकते," असं म्हणून मला न विचारताच पुढे निघाली.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "थांब! रक्त तपासणीचा कोर्स. पास. पहिल्या प्रयत्नात." आणि परीक्षा क्रमांक एका दमात म्हणून दाखवला.

तिचा हात जागच्या जागी थांबला. "अहो आई! कधी बोलला नाहीत!" तिने क्रमांक भरला, अर्ज पाठवला आणि उठून माझ्यासाठी चहा टाकला. लग्न होऊन आल्यापासून तिने न सांगता माझ्यासाठी चहा टाकला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की मीठ घातलं असतं तरी प्याले असते.

कप रिकामा व्हायच्या आत पडद्यावर उत्तर आलं. 'या परीक्षा क्रमांकाच्या व्यक्तीचा विमा आधीच काढलेला आहे. मूळ विमाधारकाला कळवण्यात आले आहे.'

"आई, कुणीतरी तुमचं नाव चोरलंय!" सून ओरडली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. धाकटी होती. मी मशीनच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"ताई, सध्या कुठे काही ऑनलाइन भरू नकोस हं. कुणीतरी माझं नाव वापरतंय!"

"तुझं?"

"म्हणजे... तेच गं."

"मीच भरला अर्ज," मी म्हटलं.

"तू? अगं, त्यांनी विचारलं, हा अर्ज तुमचा का, तर मी 'नाही' दाबलं! आता त्यांचा माणूस तुला फोन करणार. ताई, पेन्शन थांबली तर या वयात मी कुठे जाऊ?"

"हे चौतीस वर्षांत कधी सुचलं नाही?"

"रोज सुचलं! विमा काय हौस म्हणून काढला? आणि लग्न का नाही केलं मी? कुठल्या नावाने करणार होते?" ती रडायला लागली. "तू तर घरीच होतीस गं. तुझं काय अडलं?"

मी फोन ठेवला. काय अडलं ते सांगायला बसले असते तर दिवस पुरला नसता.

दुपारी कंपनीच्या माणसाचा फोन आला. सुनेने स्पीकर लावला आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाई, मूळ प्रमाणपत्र आहे तुमच्याकडे?"

"नाही. नंबर पाठ आहे."

"त्या बाईंनी प्रमाणपत्र पाठवलंय. नोकरी, पेन्शन, सगळं जुळतंय."

"मग चोर त्याच आहेत!" सून मध्येच बोलली. "आम्ही पोलिसांत जाऊ."

"जा ना. कॉलेजच्या रजिस्टरमधल्या सह्या निघतील, फोटो निघतील, खरं काय ते कळेल. तोवर त्यांची पेन्शन मात्र थांबेल. बोला, तक्रार नोंदवू?"

त्या रजिस्टरात माझी सही होती. एक 'हो' म्हटलं असतं की झालं असतं. सून मला डोळ्यांनी खुणावत होती, म्हणा, म्हणा.

"नको," मी म्हटलं. "माझी चूक झाली. तो नंबर माझा नाही. निकालाच्या यादीत वाचलेला, पाठ राहिला. नाव सारखं होतं."

"आणि तुम्ही?"

"मी नापास झाले होते."

सुनेचे हात कंबरेवरून खाली आले. तो माणूस म्हणाला, वयाकडे बघून या वेळी सोडतो, पुन्हा असं करू नका. मी बरं म्हटलं. थोड्या वेळाने धाकटीचा निरोप आला, 'मिटलं गं ताई. विमा होता म्हणून वाचले.'

सुनेने अर्जातला शिक्षणाचा रकाना पुसला आणि नवीन अर्ज भरू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. जे उरलंय त्याला विमा कशाला काढायचा?

"आई," ती हळूच म्हणाली, "नापास कुणीही होतं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

संध्याकाळी मुलगा कामावरून आल्यावर तिने दार लोटून त्याला सगळं सांगितलं. आमच्या भिंती पातळ आहेत. तो हसला नाही, तेवढं बरं.

"जाऊ दे, मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला. "आईला पहिल्यापासून थोडं मोठेपण मिरवायची सवय आहे."