घरभर चिनी चिठ्ठ्या

शाळेत चिनी भाषेची तोंडी परीक्षा जाहीर झाली, विषय ‘माझं घर’, आणि बाबा अंगात आल्यासारखे लेकीच्या अभ्यासाच्या मागे लागले. एरवी प्रगतिपुस्तकावर सही मागितली की चष्मा सापडायचा नाही त्यांना! आता मात्र स्वतः स्टुलावर चढून चिठ्ठ्या चिकटवत होते. खिडकीवर ‘छ्वांगहू’, भिंतीवर ‘छ्यांग’, स्वयंपाकघराला ‘छूफांग’.

“भोंगा, नीट पाठ कर,” बाबा म्हणाले. बडबडीपायी घरात तिचं हेच नाव पडलं होतं. “रविवारी एक चिनी बाई येणार आहेत तुझा सराव घ्यायला. त्यांना आख्खं घर फिरवून दाखवायचं.”

“खास माझ्यासाठी?”

“मग काय माझ्यासाठी?”

हरखून ती चार दिवस भिंतींशीच बोलत होती.

रविवारी बाई आल्या आणि भोंगा सुटला! बाई मान डोलवत होत्या, वहीत टिपत होत्या, मधूनच कपाटं उघडून बघत होत्या. सराव घ्यायला कपाटात कशाला डोकावावं लागतं, हे तिच्या मनातही आलं नाही. आई मात्र पाठ फिरवून ओट्याशी उभी होती. कधीची एकच कढई घासत होती.

तिच्या खोलीत बाई खिडकीशी थांबल्या आणि तिला समजेल अशा सोप्या चिनीत, प्रेमाने म्हणाल्या, “छान ऊन येतं. तुम्ही गेलात की इथे माझ्या आईचा पलंग ठेवीन.”

तिला शब्द न् शब्द कळला. अभ्यासच तेवढा चोख झाला होता.

“काय म्हणाल्या गं?” बाबांनी अधीरपणे विचारलं. “आवडलं का?”

“आपण कुठे जाणार आहोत, बाबा?”

बाबांचं हसू जागच्या जागी विरलं. “सांगणारच होतो... परीक्षा झाली की. अगं, दलालाला त्यांची भाषा येत नाही. तुला येते. जरा गोड बोल ना.”

आणि तिला वाटलं होतं, बाबा तिच्यासाठी स्टुलावर चढले!

तिने बाईंकडे वळून छताच्या कोपऱ्याकडे बोट केलं. “वूतिंग,” म्हणजे छत. “श्वेइ,” म्हणजे पाणी. पाऊस लागला की ते कुठून गळतं आणि भिंतीवरून कसं पलंगापर्यंत येतं, ते बोटाने खालपर्यंत दाखवलं. एक अक्षर खोटं नव्हतं.

बाईंचं पेन थांबलं.

“पुरे!” बाबा दात आवळून म्हणाले.

तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाईंचा हात धरला आणि त्यांना न्हाणीघरातली ओल दाखवायला घेऊन गेली.