हुई शानची गोळी

डॉक्टर तेओंकडे जाऊन माझ्या बायकोला काय मिळायचं? 'कीप इट अप' एवढी शाबासकी, आणि इथे परदेशात, आमच्या टॅम्पिनीस वस्तीतल्या मराठी बायकांत बसल्यावर 'आमचे डॉक्टर म्हणतात' अशी वाक्याची सुरुवात. दुसरी गोष्ट तिला पहिलीपेक्षा जास्त लागायची. त्यामुळे क्लिनिकने जेव्हा कळवलं, की यापुढे तुमचा मधुमेह हुई शान ही नर्स बघेल, गोळ्याही तीच लिहून देईल, डॉक्टरांनी तिला तो अधिकार दिलाय, तेव्हा शुभाच्या हिशेबी तो चक्क तोटा होता.

"म्हणजे मला 'अ' तुकडीतून 'ब' तुकडीत टाकलं," ती म्हणाली. इथल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेण्यात तिची हयात गेली.

"अगं, ज्यांचं बरं चाललंय त्यांनाच नर्सकडे देतात. बढतीच आहे ही."

"तुम्हाला शहरातल्या ऑफिसातून लांब चांगी बिझनेस पार्कला पाठवलं, ती होती तशी का?"

मी पेपर वाचायला घेतला.

पहिल्या भेटीला ती तोंड पाडून आत गेली आणि बाहेर यायलाच तयार होईना. डॉक्टरांनी जे कधी विचारलं नव्हतं ते सगळं त्या मुलीने विचारलं: सकाळी काय खाता, चतुर्थीला काय खाता, उरलेला साखरभात कोण संपवतं. शेवटी एक नवी गोळी वाढवून दिली आणि बजावलं, "ही खाल्ल्यावरच घ्यायची, आंटी. उपाशी पोटी कधीच नाही."

शुभानेही उलटतपासणी करून आपली माहिती काढलीच होती. परतताना बसमध्ये मला म्हणाली, "तिला हा अधिकार नुकताच मिळालाय. सुरुवातीचे काही महिने तिने लिहिलेलं सगळं डॉक्टर तेओ तपासणार आहेत. म्हणजे परीक्षाच की. आणि तिने स्वतःच्या जबाबदारीवर वाढवलेली पहिली गोळी माझी."

"मग?"

"मग काय? माझे आकडे बिघडले तर पोरीचं नाव खराब होईल."

झालं. पुढची रक्ततपासणी जवळ आली तशी आमच्या घरात परीक्षेचे दिवस सुरू झाले. पोळी बंद, भात बंद. काकडी आणि मुगाचं कढण, एवढ्यावर बाई राहू लागली.

"अगं, परीक्षा तिची आहे की तुझी?"

"विद्यार्थी नापास झाला की बोल शिकवणारीला लागतो. मला नका सांगू."

मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. तपासणीच्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं, आणि गोळी त्यानंतर, नाश्ता करून. शुभाने ती घरीच, रिकाम्या पोटी गिळली. तेवढाच एक मार्क वर. हे अर्थात मला मागाहून कळलं.

रक्त देऊन आम्ही बाकावर बसलो होतो. तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मग ती म्हणाली, "माधव." इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला नावाने हाक मारली नव्हती. मी ओरडलोच.

हुई शान धावत आली, बोट टोचून साखर पाहिली, तिला गोड पाणी पाजलं आणि रंग परत येईपर्यंत हात धरून बसली. मग आम्हाला डॉक्टर तेओंच्या खोलीत नेलं.

डॉक्टरांनी स्क्रीन पाहिला. आवाज नाही चढवला. "गोळी जास्त झाली असावी," ते म्हणाले. "ती बंद करू. आंटींना यापुढे मीच बघतो."

"निर्णय माझा होता, डॉक्टर," हुई शान म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

शुभाला जे हवं होतं ते आपणहून समोर आलं होतं. तिने फक्त गप्प राहायचं होतं. काकडीचं मलाही माहीत होतं, पण बायकोची बाजू तिला न विचारता मांडायची नाही, एवढं शहाणपण मला लग्नाने दिलंय.

"गोळीचा काही दोष नाही," शुभा म्हणाली. "मी कॉपी केली."

डॉक्टरांना काही समजेना. मग तिने सगळं सांगितलं, अगदी सकाळच्या गोळीसकट. गृहपाठ न केलेली मुलं तिच्यापुढे ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात.

डॉक्टरांनी हुई शानकडे पाहिलं. "यांना सांगितलं होतंस?"

"सांगितलं होतं. तपासणीआधी त्या काय करतात, हे मात्र विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

"मीही कधी विचारलं नाही," डॉक्टर म्हणाले आणि खुर्चीवरून उठले. "बस इथे. गोळीचं काय करायचं ते तूच ठरव."

हुई शानने डोस अर्ध्यावर आणला, नाश्त्यासोबत असं लिहिलं आणि शुभाकडे वळली. "आंटी, मला तुमचे खरे आकडे हवेत. वाईट असले तरी."

"वाईटच आहेत गं," शुभा म्हणाली. "आमच्याकडे साखरभात फार चांगला होतो."

हे सगळं कोणाला केवढ्याला पडलं ते सांगतो. डॉक्टरांचा सकाळचा चहा हुकला. हुई शानला झाल्या प्रकाराचा अहवाल लिहावा लागला. माझी अर्धी रजा गेली. सर्वांत जास्त भरलं ते शुभाने: हातात आलेले डॉक्टर परत केले, वर गुन्हा कबूल केला, आणि तोही नवऱ्यादेखत.