क्रेनवरून उतरलेला माणूस

उंच इमारतींच्या बांधकामावर तो क्रेन चालवायचा. सकाळी शिडीने वर चढला की संध्याकाळीच खाली. सगळे त्याला घार म्हणत. बायको गेल्यापासून त्याच्या घरी चूल पेटलीच नव्हती. केबिनमध्ये बसल्या जागी खारवलेले शेंगदाणे, पाकिटातलं तळलेलं आणि सिगारेटी, यांवरच त्याचा दिवस निघायचा. पोट सुटलं, शिडीवर धाप लागू लागली. "वय झालं," असं त्याने स्वतःलाच समजावलं. दुसरं होतंच कोण?

एका दुपारी सळ्यांचा भारा हवेत असताना छातीवर कुणी दगड ठेवावा तसं झालं. डावा हात जड पडला, अंगाला गार घाम सुटला. खाली माणसं काम करत होती. दात घट्ट आवळून त्याने भारा हळूहळू जमिनीला टेकवला आणि मगच वॉकीटॉकी उचलला.

"मुकादम, मला उतरता येणार नाही."

"थट्टा करतोस का रे?"

"छातीत दुखतंय. जरा बोलत राहा माझ्याशी."

मुकादमाला काही सुचेना. इतकी वर्षं दोघांत 'उचल', 'थांब', 'सोड' एवढंच बोलणं. शेवटी तो आपल्या सासूच्या घोरण्याबद्दल सांगत बसला. अग्निशमनवाले वर पोहोचेपर्यंत त्याने तोंड मिटलं नाही.

इस्पितळात बुजलेली रक्तवाहिनी उघडली.

"सिगारेट, मीठ, तळलेलं आणि दिवसभर बसणं, सगळ्यांनी मिळून हे केलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरी कोण असतं?"

"मी."

"आणि बोलता कुणाशी? एकटेपणही हृदयाला मानवत नाही हो."



आता तो खाली गोदामात काम करतो. सिगारेट सुटली, पण हात अजून खिशाकडे जातो. पहिली भाजी करपली. दूरगावी राहणारी ताई फोनवर विचारते, "मीठ कमी घालतोस ना?"

"चवच लागत नाही गं."

"लागेल. जिभेला वळण लागतं."

संध्याकाळी तो लांबवर चालतो. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकांना त्याने विचारलं, "येता का?" ते म्हणाले, "गुडघे धरलेत, उद्या बघू." तो उद्या काही उजाडला नाही.

परवा तपासणीचा रिपोर्ट चांगला आला. बाहेर येऊन त्याने ताईला फोन लावला, तर तो लागेना. बाकावर एक अनोळखी माणूस आपल्या पाळीची वाट पाहत बसला होता.

"माझा रिपोर्ट चांगला आला," तो त्याला म्हणाला.

"अरे वा!" म्हणत त्या माणसाने सरकून जागा दिली. घरी जायची घाई नव्हतीच. तो बसला.