दोरा नसलेलं मशीन

मास्तरांना प्रार्थनेची हौस नव्हती असं नाही. हौस होती, पण चारचौघांत जरा जास्त होती. दीड वर्षापूर्वी पाळकसाहेबांनी भर चर्चमध्ये विचारलं, "रोज ठरलेल्या वेळी देवाजवळ बसणारे किती जण आहेत?" सगळी मंडळी आपापल्या चपलांकडे बघायला लागली. या शिंप्याने मात्र हात वर केला. "रोज दुपारी एक ते दीड. दुकानातच!" सगळ्यांच्या माना वळल्या आणि मास्तर असे फुगले की त्यांच्याच हातच्या कोटाची बटणं ताणली.

पहिला महिना त्यांनी शब्द पाळला, हे सांगायलाच हवं. दुकानामागच्या कापडाच्या खोलीत दार लावून ते गुडघे टेकायचे. मग गुडघे कुरकुरू लागले म्हणून स्टूल आलं. स्टुलाला पाठ नाही म्हणून ते ताग्यांना टेकून बसू लागले. आणि तागे मेले इतके मऊ, की 'हे प्रभू' म्हणेपर्यंत डोळा लागायचा. दारावर पाटी तशीच: 'प्रार्थना चालू आहे'. गिऱ्हाइकं दबक्या आवाजात बोलायची. मास्तरांना लाज वाटायची, पण 'उद्यापासून नक्की' असं मनाशी म्हटलं की ती तेवढ्यापुरती गप्प बसायची.

बाहेर मशीनवर ताई असायची. नऊ वर्षं ती त्यांच्याकडे शिवायला होती. हाताला चटपटीत, तोंडाने कमी. त्या मंगळवारी मात्र तिने सकाळीच एका सदऱ्याची बटणं उलट्या बाजूला लावली. मास्तर ओरडणार, इतक्यात तीच म्हणाली, "धाकट्या बहिणीचं आज हृदयाचं ऑपरेशन आहे. बरोबर एकला आत नेणार. इतक्या लांब मला जाता नाही आलं, मास्तर. तुम्ही एकला बसताच ना, तर तिचं नाव घ्याल?"

आई गेल्यावर ताईनेच त्या बहिणीला वाढवलं होतं. मास्तरांना गलबलून आलं. "अगं, हे काय सांगणं झालं? पूर्ण अर्धा तास तिच्यासाठीच."

आणि त्यांना ते मनापासून करायचं होतं. एकला ते आत गेले, डोळे मिटले, धाकटीचं नाव घेतलं. एकदाच.

जाग आली तेव्हा दीड वाजून गेला होता. मास्तर दचकून उठले, केस सारखे केले आणि चेहरा गंभीर करून बाहेर आले. पुढच्या बाकावर पाळकसाहेबांची बायको झग्यासाठी थांबली होती. ताईचं मशीन खडखडत होतं.

"केली हं प्रार्थना," मास्तर तिच्याजवळ वाकून म्हणाले. "अगदी मनापासून."

ताईने त्यांच्या गालाकडे पाहिलं. मास्तरांनी हात लावला. गालावर उमटलेल्या कॉर्डरॉयच्या ताग्याच्या उभ्या रेघा बोटांना लागल्या.

त्यांनी नजर चुकवली, ती मशीनवर गेली. सुई खालीवर होत होती. सुईत दोरा नव्हता. खाली कापडही नव्हतं.

"हे काय शिवतेयस?"

"काही नाही." तिचे पाय थांबले नाहीत. त्या खडखडाटाखाली ती हळूच म्हणाली, "तुमचं घोरणं बाहेर ऐकू येतं, मास्तर. गिऱ्हाईक असलं की मी मशीन चालवते. वर्ष झालं."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माहीत होतं, तर आज मला कशाला सांगितलंस?"

"वाटलं, आज तरी जागे राहाल."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांनी दोन शब्द उलट तरी बोलून घेतले असते. तिने ओढणीने डोळे पुसले. "अजून आतच आहे ती. फोन आला नाही."

मास्तर वळले, खोलीचं दार त्यांनी धरलं, आणि तिथेच थबकले. आत जाऊन दार लावणं फार सोपं होतं. ते परत आले. कापडाच्या चिंध्यांमध्ये, पाळकसाहेबांच्या बायकोच्या समोर, कुरकुरणारे गुडघे त्यांनी टेकले. कान तापले होते.

"प्रभू," ते मोठ्याने म्हणाले, "मी झोपलो होतो."

ताईने पाय थांबवले.