टँकरच्या बातमीखालची उत्तरं

मित्रांनो, मी एक जुना वार्ताफलक आहे. आटपाडीकडच्या एका गावात चौकातल्या लिंबाखाली उभा आहे. तरुण मंडळाच्या पोरांनी मला काळा रंग देऊन, नारळ फोडून इथं उभं केलं. लग्न, श्रद्धांजली, टँकर कधी येणार, सगळं माझ्यावरच लिहायचे. काय मान होता तेव्हा! खाली खडू ठेवलेला असायचा. कुणीही लिहावं, नाव घालायची गरज नव्हती.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात नानासो पलटणीतून परतला तो मनानं आजारी होऊनच. कुणी बोलत नसताना त्याला आवाज ऐकू यायचे. टँकरच्या बातमीखाली त्यानं लिहिलं, 'पाण्यात इख हाय. पिऊ नका.' स्वतः तर तो घोटभरही घेईना.

लगेच उत्तरं आली. 'मग दारू पी.' 'येडं सुटलंय, दोर आणा.' नानासो प्रत्येकाला उत्तर लिहायचा, की लोक पुन्हा डिवचायचे. नुसती करमणूक! त्याची बहीण बनुबाई रोज पदरानं मला पुसायची.

एकदा बालवाडीच्या आम्रपालीबाईंनी लिहिलं, 'नानासो दादा, तुमाला भ्या वाटतंय, ते खरं हाय. मी आधी पिते, मग तुमी प्या.' आणि तांब्या घेऊन त्या खरंच आल्या.

"तुला काय झालं तर गं?" नानासोनं विचारलं.

"न्हाई हुयाचं. बसा हितं."

त्या प्यायल्या. बराच वेळ त्यांचं तोंड न्याहाळून मग तोही प्यायला. पुढे सांगलीच्या डॉक्टरकडे जायलाही कबूल झाला.

निघायच्या सकाळी बनुबाई त्याला घेऊन चौकात आली. माझ्यावर ताजं लिहिलेलं होतं, 'आज येड्याची गाडी सुटणार. नारळ घेऊन या.'

"बघ आक्का, समदी मिळून मला न्याया लागलीत!" म्हणत तो माळाकडे पळत सुटला. लोक हसले. मी मेलं लाकूड, काय करणार?

तिसऱ्या दिवशी तो माळावर सापडला, पाण्यावाचून गेलेला.

मग माझ्यावर रंगीत खडूची महिरप निघाली. 'कै. नानासो यांना भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल, समस्त ग्रामस्थ.' बनुबाई आली आणि पदरानं पुसायला लागली.

"आवं आक्का, श्रद्धांजली हाय ती!" कुणीतरी ओरडलं.

"व्हय. पर अक्षर त्येच हाय, गाडी सुटणार लिवलेलं," ती म्हणाली.

एकानंही वर बघितलं नाही.

मित्रांनो, माझा रंग आता पार उडालाय. तो पुन्हा नाही दिलात तरी चालेल. पण आजारी माणूस काही वेडंवाकडं लिहील, तेव्हा त्याला हरवायला खडू उचलू नका. आम्रपालीबाईंसारखं जमलं तर बघा. तेही जमत नसेल, तर गप बसा. बनुबाई एकटी किती पुसणार?